नकाशातले शेत आणि शेतातला माणूस

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात नंदाखाल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'संगणकावरील नकाशे आणि शेतीवरील संकटे' या विषयावर बोला, असे संस्थेच्या चिटणीसांनी सांगितले तेव्हा आम्ही जरा चपापलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. नोकरी बँकेतल्या कारकुनाची. उपग्रह आम्ही पाहिला तो वर्तमानपत्रातल्या चित्रात. परंतु चिटणीस म्हणाले, "शेतकऱ्याचे संकट आधी शेतात येते आणि मग तुमच्या खिडकीशी येते. खिडकीतून जे दिसले तेवढेच सांगा." हे मात्र आम्हांला जमण्यासारखे वाटले, म्हणून आज आपल्यासमोर उभे आहोत.

प्रथम नकाशाविषयी. नकाशा ही आपल्या शेतीला नवी गोष्ट नाही. इंग्रजी अमलात, १८३० च्या दशकात, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यातूनच पुढे मुंबई इलाख्यात सर्व्हे नंबर, गावनकाशे ही सारी व्यवस्था उभी राहिली. हेतू सरळ होता, सारा वसूल करणे. कोणाकडून किती घ्यायचे हे कळावे म्हणून तो नकाशा काढला गेला. आज त्याच नकाशावरून संकटाच्या वेळी कोणाला किती द्यायचे हे ठरवले जाते. पण मित्रहो, घेण्यासाठी केलेल्या दप्तरात ज्याच्याकडून घ्यायचे त्याचे नाव होते. जो राबतो त्याचे नाव त्यात असेलच असे नव्हते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्यापाशी परत यायचे आहे.

आता संगणकावरचा नकाशा म्हणजे काय? विद्यार्थ्यांनी असे समजावे की, एका पारदर्शक कागदावर आपल्या गावाच्या शेतांच्या हद्दी काढल्या आहेत. दुसऱ्या कागदावर विहिरी, ओहोळ आणि नाले. तिसऱ्यावर माती, चौथ्यावर यंदाचे पीक, पाचव्यावर काल पडलेला पाऊस. हे पाचही कागद एकावर एक नीट जुळवून ठेवले की एका नजरेत कळते, कोणत्या पिकावर किती पाऊस पडला आणि ते पाणी कोठून वाहून जाणार किंवा कोठे अडणार. हेच काम संगणक करतो. त्या पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. तिचा आरंभ १९६० च्या दशकात कॅनडात झाला. रॉजर टॉमलिन्सन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने त्या अफाट देशातील शेतजमीन, जंगल आणि माती यांची मोजदाद संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले होते. म्हणजे या विद्येचा जन्मच जमिनीच्या हिशेबातून झालेला आहे.

यातला पिकाचा कागद भरतो तो पुष्कळदा आकाशातून. १७ मार्च १९८८ रोजी भारताने आय.आर.एस.-१ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात पाठवला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. वरून पिकाची प्रकृती कशी समजते, असा प्रश्न कोणी विचारील. निरोगी हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा रंग शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पान सुकू लागले की हे प्रमाण बदलते. उपग्रह हा फरक मोजतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा रडारचे उपग्रह कामी येतात. त्यांच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि शेतात पाणी साचले असेल तर तेही दाखवतात. आपल्या कोकणासारख्या मुलखात याची फार गरज आहे, कारण आपल्याकडे संकट बहुधा ढग घेऊनच येते.

महाराष्ट्रात या साधनांचा उपयोग कसा झाला, याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले किडीचे. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांची अशी धाड आली की शेतेच्या शेते फस्त झाली. त्यानंतर २००९-१० पासून कृषी खात्याने 'क्रॉपसॅप' हा प्रकल्प सुरू केला. त्यात ठरावीक शेतांवर जाऊन निरीक्षक अळ्या मोजतात आणि ते आकडे संगणकात भरले जातात. ज्या भागात कीड धोक्याच्या पातळीवर गेली असेल, तो भाग नकाशावर वेगळा उठून दिसतो आणि तेथल्या शेतकऱ्यांना फवारणीचा सल्ला दिला जातो. आग लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा धूर दिसताच धावणे बरे, असा हा विचार आहे.

दुसरे दुष्काळाचे. पूर्वी दुष्काळ ठरायचा तो आणेवारीवर, म्हणजे पुढे पैसेवारी म्हणू लागलो तिच्यावर. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागली की गाव टंचाईत. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पावसाचा खंड, पेरणीचे क्षेत्र, मातीतला ओलावा आणि उपग्रहाने मोजलेली पिकाची हिरवाई असे अनेक निकष घातले. त्यानुसार ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या पद्धतीतली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. उपग्रहाने सांगितले म्हणून ते जसेच्या तसे मानायचे नाही. निवडक गावांत कर्मचाऱ्यांनी शेतावर जायचे, पीक डोळ्यांनी पाहायचे, मोबाईलवर छायाचित्र घ्यायचे आणि मग तालुक्याचा निर्णय करायचा. सरकारी भाषेत याला 'सत्यमापन' म्हणतात. आपल्या धम्मात 'एहिपस्सिको' हा शब्द आहे. या आणि स्वतः पाहा. यंत्राच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे, हे त्या संहितेने मान्य केले.

आता आपण आपल्या वाड्यांत येऊ. आपल्या पश्चिम वसईचा हा पट्टा केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलांचा. आगाशीची सुकेळी कोण विसरेल? याच नंदाखालमध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी चळवळ उभी केली, तिला आता तीन तपे उलटून गेली. फादर २०२४ साली गेले. त्यांनी मांडलेला जमिनीचा आणि पाण्याचा प्रश्न मात्र संपला नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा ओहोळ आणि पाणी जिरण्याच्या जागा कोठे होत्या व त्यांवर काय उभे राहिले, हे विचारण्याची पाळी सर्वांवर आली.

येथे आकाशातल्या डोळ्याची एक अडचण सांगतो. पुष्कळशा कामांत वापरल्या जाणाऱ्या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. शंभर चौरस मीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ एक गुंठा. मराठवाड्यातील वीस एकरांच्या सोयाबीनला असे आठशे ठिपके मिळतात. आपल्या पाच गुंठ्यांच्या वाडीला मिळतात पाच! त्यांतही कडेच्या ठिपक्यांत निम्मी आपली केळ, निम्मा शेजाऱ्याचा माड आणि थोडे कोणाच्या तरी बंगल्याचे छप्पर. शिवाय वाडीत एकच पीक थोडेच असते? माडाखाली केळ, केळीच्या आडोशाला भाजी. यंत्राने ओळखायचे तरी काय?

१७ मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. वादळाचा मध्य समुद्रात होता, तरी वाऱ्याने आपल्याकडच्या केळी आडव्या केल्या. घडांसकट आडव्या. आता गंमत अशी की आडवी पडलेली केळ लगेच वाळत नाही. काही दिवस तिचे पान हिरवेच असते. आकाशातून पाहणाऱ्याला हिरवा रंग दिसतो आणि खाली शेतकरी कपाळाला हात लावून बसलेला असतो. म्हणून आम्ही म्हणतो की उपग्रह आवश्यक आहे, पण आपल्या वाडीचा पंच होण्याइतका तो जवळ आलेला नाही. ते काम जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते.

त्यासाठी एक साधन आपल्या हातात आलेले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करीत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पीक नोंदवायचे आणि छायाचित्र काढायचे. त्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात आणि ते पीक सातबाऱ्यावर चढते. पुढे संकट आले तर त्या सर्व्हे नंबरात काय उभे होते, याचा हा पुरावा. पंचनाम्यात पिकाचे नुकसान तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक ठरले तरच मदत मिळते. मुळात पीकच नोंदलेले नसेल तर तेहतीस टक्के कशाचे काढणार?

आता आमच्या खिडकीतून पाहिलेल्या दोन हकिगती सांगतो. नावे सांगत नाही, ती सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही.

पहिली २०१९ सालची. त्या वर्षी पीककर्ज घेणाऱ्याला पीकविमा सक्तीचा होता आणि कर्जदारांची माहिती संगणकात बँकेने भरायची होती. शेवटची तारीख जवळ आलेली, टेबलावर अर्जांचा ढीग. त्या गर्दीत भातशेती करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हिस्सा नंबर बाराऐवजी दोन असा भरला गेला. भरणारे आम्हीच. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस आला, कापून पसरलेले भात पाण्यात भिजून त्याला मोड आले. आजोबांनी बहात्तर तासांच्या आत नुकसान कळवले, सगळे नियमाप्रमाणे केले. उत्तर आले की या हिस्सा नंबरावर विमा नाही. त्या नकाशाच्या दृष्टीने त्यांचे भात दुसऱ्याच शेतात उभे होते. चूक दुरुस्त करायला आम्ही पत्रे लिहिली, वरिष्ठांकडे खेपा घातल्या. पैसे मिळाले ते पुढची पेरणी उरकल्यावर. तोवर आजोबांनी बियाण्यासाठी सुनेच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. त्यांनी आम्हांला एक शब्दही उणा बोलला नाही. "तुमच्याकडे काम फार असते, भाऊ," एवढेच म्हणाले. तो 'एक' हा अंक आम्ही अजून विसरलो नाही.

दुसरी हकिगत तौक्तेनंतरची. आपल्या समाजातले एक काका दुसऱ्याची वाडी अर्धेलीने करीत. मालक मुंबईला. करार तोंडी. केळी काकांनी लावलेल्या, पाणी त्यांचे, खत त्यांचे, वादळात आडवे झालेले घडही त्यांच्याच घामाचे. पंचनामा झाला. तो अगदी रीतसर झाला. सर्व्हे नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर, छायाचित्रही बरोबर. मदत सातबाऱ्यावरच्या नावे, मालकाच्या खात्यात गेली. काका मात्र दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला आमच्या खिडकीशी येत. तीन महिने आले. प्रत्येक वेळी यंत्रातून तेच जुने शिलकीचे आकडे छापून निघत. शेवटी आम्हीच सांगितले, "काका, ते पैसे या खात्यात यायचे नाहीत." ते म्हणाले, "पण फोटोत तर मीच उभा होतो."

बंधू-भगिनींनो, आजच्या भाषणात आम्हांला जे सांगायचे आहे ते या वाक्यात आहे. पहिल्या हकिगतीत आमच्या हाताची चूक होती, ती दुरुस्त करता आली. दुसरीत कोणाच्याही हाताची चूक नव्हती. नकाशा अचूक होता आणि तरीही काकांवर अन्याय झाला, कारण नकाशाला शेत दिसत होते, शेतातला माणूस दिसत नव्हता.

असे का होते? १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक केले, ही मोठी गोष्ट होती. पण तेव्हापासून जमीन लिहून देण्याची मालकांना भीती बसली. आज जमीन कसायला देतात, परंतु कागद करीत नाहीत. पीकविमा योजनेत खंडाने कसणारालाही भाग घेता येतो, त्याला नोंदणीकृत भाडेकरार मात्र लागतो. कागद नाही म्हणून विमा नाही, सातबारा नाही म्हणून मदत नाही. त्यातच १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांकही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. दप्तर जसजसे नेमके होते, तसतसा त्याच्याबाहेरचा माणूस अधिक बाहेर पडतो. यात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया येतात, गायरान कसणारे येतात आणि मजूर तर येतातच. केळी पडल्या की घड उतरवण्याचे, वाहण्याचे कामही जाते. त्या बुडालेल्या रोजाला पंचनाम्यात रकाना नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न नवा नाही. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे एवढेच पाहून भागत नाही, त्या शेताला जोडलेले श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण पाहावे लागते, असा त्यातला विचार आहे. नकाशा फक्त आकार दाखवतो. श्रम कोणाचे, भांडवल कोणाचे हे तो आपण भरल्याशिवाय दाखवीत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेही दप्तरात नसलेल्या माणसाला दप्तरात आणण्यासाठीच. साधने बदलली, मागणी तीच राहिली.

तेव्हा यंत्राला शिव्या देऊन घरी बसायचे का? मुळीच नाही. हा नकाशा माणसेच भरतात, तर भरणाऱ्यांत आपली मुले असली पाहिजेत. विद्यार्थ्यांनी करण्यासारखी पाच कामे सुचवतो आणि आमचे बोलणे आवरते घेतो.

एक, आपल्या आळीतील प्रत्येक घराचा सातबारा आणि हिस्सा नंबर तपासा. सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि गावनकाशा पाहता येतो. आकडा चुकलेला असेल तर संकट येण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या. बँकेत दिलेल्या अर्जाची पोच घ्या आणि ती घरी जाऊन वाचा. कारकून चुकतो, हे आम्हीच सांगतो आहोत.

दोन, दर हंगामात ई-पीक पाहणी मुदतीत करा. ज्या वडीलधाऱ्यांना मोबाईल हाताळता येत नाही त्यांच्याबरोबर शेतावर जा. छायाचित्र काढताना शेताच्या मध्यभागी उभे राहा. मोबाईल जागा सांगताना काही मीटर इकडेतिकडे होतो. आपल्या दोन गुंठ्यांच्या तुकड्यात तेवढ्यानेही फोटो शेजाऱ्याच्या हिश्श्यात जाऊन पडतो.

तीन, नुकसान झाले की आधी तारीख, वेळ आणि जागा उमटलेली छायाचित्रे घ्या आणि मगच वाडी साफ करा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विम्याचे नियम बदलत असतात. २०२५ च्या खरिपापासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठरू लागली. म्हणून दर वर्षीचा शासन निर्णय एकाने वाचून इतरांना समजावून सांगावा.

चार, जे दुसऱ्याची जमीन कसतात त्यांच्यासाठी संस्थेने मालकांशी बोलणे करावे. एकट्या काकांना मालक नाही म्हणेल, संस्थेच्या चार ज्येष्ठांना चटकन नाही म्हणणार नाही. मुदतीचा, नोंदणीकृत करार झाला तर उत्तमच. तो झाला नाही तरी आपत्तीची मदत आली तर तिचा वाटा कोणाला किती, एवढे तरी लिहून ठेवावे.

पाच, आपल्या गावाचा आपण एक नकाशा करावा. त्यात कोणत्या विहिरीचे पाणी खारे झाले, कोणता ओहोळ कोठे बुजला, पाणी कोठवर चढले आणि कोणती वाडी प्रत्यक्षात कोण कसतो, हे लिहावे. कोणत्या घरातले किती रोज बुडाले तेही लिहावे. याला उपग्रह लागत नाही. गावनकाशाची प्रत, एक वही आणि दोन रविवार पुरेत. सरकार तो लगेच मान्य करील असे आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या वादळानंतर कर्मचारी येतील तेव्हा आपण रिकाम्या हातांनी त्यांच्यासमोर उभे राहणार नाही.

ते काका अजून तीच वाडी कसतात. गेल्या खेपेस ते बँकेत आले, तेव्हा त्यांचा नातू बरोबर होता. तो बारावीला आहे, आणि आज या सभेत मागच्या रांगेत बसलेला आम्हांला दिसतो आहे. आमची त्याला एवढीच विनंती आहे की, गावाच्या त्या नकाशात पहिली वाडी आजोबांची भरावी आणि तिच्यावर आजोबांचे नाव लिहावे.



जयभीम!